बांधावरची फेरी

घरच्या बांधावर मी जेवढ्या जोरात पळते तेवढ्या जोरात शर्यतीत का पळत नाही, या एका प्रश्नाने आमच्या घराचं एक अख्खं वर्ष खाल्लं. घरात दुसरे प्रश्न नव्हते असं नाही. म्हशीने दूध कमी केलं होतं, थोरल्या आत्याचं सासरी पटत नव्हतं, आणि कालव्याच्या पलीकडे रोज एक पांढरी गाडी येऊन उभी राहायची. तिच्यातून उतरलेली माणसं आमच्या शेतांकडे हात करून एकमेकांना काहीतरी दाखवायची. पण संध्याकाळी चुलीपुढे ताटं मांडली की विषय माझ्या पायांचा. आई भाकरी थापता थापता माझ्या पोटऱ्यांकडे अशी बघायची की जणू त्या मी कुठून तरी उसन्या आणल्या आहेत. मी चिडायचे. मुळात मी चिडकीच. पळणाऱ्या माणसाला शांत स्वभाव लागतो म्हणतात, तो मला कोणी दिला नाही.

आमचं गाव तेव्हा पुण्यात आलेलं नव्हतं, म्हणजे पुणं आमच्यात यायचं होतं. खडकवासल्याहून येणारा कालवा आमच्या शेताला लागून वाहायचा. त्याच्या पाण्यावर ऊस, वांगी, मेथी, कोथिंबीर काय वाटेल ते पिकायचं. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो आणि त्यांच्या धाकट्या भावाला, दत्ताला, तात्या. आजोबा गेल्यावर दोघांच्या वाटण्या झाल्या, चुली वेगळ्या झाल्या, पण अंगण एकच राहिलं. कोणाच्या घरी कालवण चांगलं झालंय हे वासावरून कळायचं आणि वाटी घेऊन तिकडे जायला कोणाची परवानगी लागायची नाही. अण्णा मितभाषी. दिवसभरात ते जेवढं बोलायचे त्याच्या दुप्पट म्हशीशी बोलायचे. तात्या उलटा. तो विहिरीवर असला की त्याचा आवाज घरात यायचा.

मला पळायला लावलं ते तात्याने. तरुणपणी तो खडकवासल्याकडे दूध घालायला जायचा. तिथे पहाटे रस्त्यावरून पळणारी लष्करी अकादमीची पोरं बघायची आणि सायकलवरून त्यांच्या मागे मागे जायचं, हा त्याचा नाद. स्वतः भरतीला गेला तेव्हा छाती कमी भरली म्हणून त्याला परत पाठवलं होतं. ते दुखणं त्याने कधी बोलून दाखवलं नाही, पण शाळेच्या मैदानावर मला सगळ्यांच्या पुढे पळताना बघितलं त्या दिवशी घरी आला आणि उंबऱ्यातूनच म्हणाला, "अण्णा, ही पोरगी मला दे. हिच्या छातीत दम हाय." अण्णांनी वर बघितलं आणि म्हणाले, "ने की." आमच्या गावात पोरीने मैदानावर पळणं म्हणजे काय होतं ते आता सांगून कोणाला कळायचं नाही. मागून लोक काय बोलायचे ते तात्यालाच ऐकावं लागायचं, कारण तो माझ्या सोबत उभा असायचा. एकदा देवळापाशी कोणीतरी माझ्या चड्डीवरून बोललं, तर तात्या त्याच्या अंगावर धावून गेला होता. माझ्यासाठी भांडणारा तेवढा एकच माणूस होता आणि मी त्याला देव मानत होते, हे इथेच लिहून ठेवते.

पळायला मैदान नव्हतं. रस्त्यावर टँकर आणि ट्रक. मग तात्याने आमच्या शेताभोवतीची फेरी ठरवली. एका बाजूला कालव्याची पायवाट, दुसऱ्या बाजूला गावाचा रस्ता, आणि उरलेल्या दोन बाजूंना आमच्या आणि तात्याच्या शेतांमधला बांध. बांध चांगला रुंद होता, बैलगाडी गेली असती. कोपऱ्यात बोरीचं एक झाड होतं. गवंड्याकडून लांब टेप आणून तात्याने बोरीपासून मोजायला सुरुवात केली आणि फिरून बोरीपाशी आला. फेरी बरोबर अर्धा किलोमीटर भरली. तो इतका खूश झाला की आमच्या बापजाद्यांनी शेत माझ्यासाठीच तेवढं राखलं होतं असं गावभर सांगत सुटला. दोन फेऱ्या म्हणजे एक किलोमीटर, सहा फेऱ्या म्हणजे माझी तीन हजार मीटरची शर्यत. बोरीला हात लावून वळायचं असा नियम होता. तात्याने बोहरी आळीतून स्टॉपवॉच आणलं, ते दोरीने गळ्यात अडकवलं, आणि पुढची तीन-चार वर्षं ते माझ्या सकाळींतून कधी गेलं नाही.

त्या सकाळी आजही माझ्या कानात आहेत. उजाडायच्या बेताला कालव्याच्या पाण्याचा एकसुरी आवाज, मग तात्याचं खाकरणं, मग "सुरे, ऊठ, पाय मोकळं कर." आई चुलीवर दूध तापवत असायची. त्यात खजूर शिजवून द्यायची. परत आले की बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि वर दह्याचा गोळा. कर्वेनगरला कॉलेजात जायला लागल्यावर तिथल्या मैत्रिणी डब्यात सँडविच आणायच्या आणि माझी भाकरी खाऊन टाकायच्या. मी फेऱ्या मारत असताना अण्णा बऱ्याचदा फावडं घेऊन बांधावर असायचे. पावसाळ्यानंतर, नांगरटीनंतर बांध कुठे कुठे ढासळलेला असायचा. अण्णा आमच्या शेतातली माती ओढून तो पुन्हा नीट करायचे, पायांनी दाबायचे, खडे वेचून काढायचे. मी जवळून गेले की फावडं उभं धरून बाजूला व्हायचे. "मऊ झालाय का गं?" एवढंच विचारायचे. मऊच असायचा. त्या ताज्या मातीचा वास आणि त्यावर उठलेले माझे पाय, याच्याइतकं सुख मला पुढे फारसं मिळालं नाही.

घड्याळ सांगत होतं की मी दर सहा महिन्यांनी सुधारते आहे. तात्या आकडा ओरडून सांगायचा आणि पुढे स्वतःच नाचायचा. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात तर माझी वेळ अशी आली की विद्यापीठाच्या संघातल्या मुलींपेक्षा ती चांगली होती. प्रत्यक्षात आंतरमहाविद्यालयीन शर्यतीत उतरले आणि सहावी आले. पुढच्या शर्यतीत पाचवी. घरी ज्या मुलींना मी आकड्यात कधीच मागे टाकलं होतं, त्यांच्या पाठी माझ्यापुढे जात राहायच्या. त्या लांब जाताना बघून मला प्रत्येक वेळी वाटायचं की कुठेतरी काहीतरी चुकतंय, ही मी नव्हेच. तात्या दोरीच्या पलीकडे उभा राहून घड्याळ हलवून बघायचा, कानाला लावायचा. परत येताना बसमध्ये तो बोलायचा नाही. एवढा बोलघेवडा माणूस गप्प बसला की मला रडू यायचं आणि रडू आलं की राग यायचा.

मग कारणं शोधणं सुरू झालं. आईचं निदान ताबडतोब झालं होतं: दृष्ट. प्रत्येक शर्यतीआधी मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या जायच्या आणि त्या तडतडल्या नाहीत की तिची खात्री पटायची. आत्या माहेरी येऊन राहिली होती, ती म्हणाली, "वयात आलेल्या पोरीचं पाय जड व्हत्यातच. लगीन करा, मोकळं व्हा." काकूने बीटाचा रस सुरू केला. तात्या दर रविवारी पायाचं सूप करवून आणायचा आणि मी पिईपर्यंत समोर बसून राहायचा. दवाखान्यात रक्त तपासलं, डॉक्टर म्हणाले की असं रक्त आपल्याला मिळालं असतं तर बरं झालं असतं. बूट बदलले. अनवाणी पळून बघितलं. कोणीतरी म्हणालं मनाची भीती आहे, तर तात्याने शेजारची सगळी पोरं बांधावर उभी करून त्यांना आरडाओरडा करायला लावला, म्हणजे मला गर्दीची सवय व्हावी. एवढ्या गोंगाटातही मी घरच्या वेळेत पळाले. मग तर सगळेच चक्रावले.

हल्ली मी ज्या सोसायटीत राहते तिथल्या बागेभोवती संध्याकाळी आयटीतली मुलंमुली पळतात. त्यांच्या मनगटावरचं घड्याळ म्हणे आकाशातून अंतर मोजतं, पावलाचाही हिशेब ठेवतं. मी बाकावर बसून बघते. एका मुलीला मी विचारलं, "घड्याळ चुकत नाही का गं?" ती हसली आणि म्हणाली, "काकू, वॉच चुकत नाही, आपणच स्लो असतो." मी मान हलवली. पोरीला काय सांगणार.

माझ्यापुढे काय टांगलेलं होतं ते सांगायला हवं. अण्णांनी पाहुण्यांना सांगून ठेवलं होतं की पोरगी पळतेय तोवर लग्नाचा विषय काढू नका. पण पळतेय म्हणजे नुसती पळतेय नव्हे, कुठेतरी पोचतेय. वर्षअखेरीला विद्यापीठाच्या संघाची निवड होती, पहिल्या तिघी घेणार होते. संघात गेले तर पुढची दोन-तीन वर्षं माझी होती, कदाचित पुढे पोलिसांत किंवा रेल्वेत खेळाडू म्हणून नोकरीही. नाही गेले तर आत्याने आणलेलं चाकणकडचं स्थळ होतं. मुलगा वाईट नव्हता, पण मला तेव्हा मुलगा नको होता, मला ती माती हवी होती.

कॉलेजात खेळाच्या लिमये बाई होत्या. बारीक चणीच्या, केसांचा घट्ट अंबाडा आणि शब्द मोजून मापून, त्यातले निम्मे टोचणारे. मी त्यांना घरची वेळ सांगितली की त्या म्हणायच्या, "असं? मग शर्यतीत कोण पळतं तुझ्याऐवजी?" त्यांनी मला कॉलेजच्या मैदानावर त्यांच्या घड्याळावर पळवून बघितलं. शर्यतीतली वेळच आली. मग तात्याचं घड्याळ मागवून स्वतःच्या घड्याळाशी ताडून बघितलं. ते अगदी बरोबर होतं. बाई म्हणाल्या, "घड्याळ खरं आहे. तू खोटं बोलत नाहीस असं गृहीत धरू. उरलं अंतर. रविवारी येते तुमच्याकडे. माझ्यासाठी काही करू नका, मी बाहेर खात नाही."

रविवारी बाई खरोखरच आल्या, स्कूटरला टेप लटकावून. आईने काही न करणं शक्यच नव्हतं, बाईंनी थालीपीठ खाल्लं आणि दुसरंही मागून घेतलं. अंगणात सगळे जमले. तात्या तर नवी टोपी घालून आला होता. अंतराचा संशय घेतल्याबद्दल त्याला जरा राग आला होता, पण बाईंपुढे तो अदबीने वागत होता. "बाई, मी माझ्या हातानं मोजलंय. मिलीमीटर हलायचा न्हाई. पण तुमच्या समाधानासाठी मोजू." टेपचं एक टोक त्याने स्वतः धरलं, दुसरं बाईंनी. मी खुणेसाठी खुंट्या रोवत होते. अण्णा लांब, कालव्याच्या कडेला उभे होते. मी रोज जिथे पाय टाकते त्याच वाटेवरून आम्ही फिरून आलो. बाईंनी मनाशी बेरीज केली, पुन्हा केली, आणि म्हणाल्या, "तुमची फेरी तोकडी आहे. अठरा-वीस मीटर तरी. सहा फेऱ्यांत शंभराच्या वर गेलं."

"शक्यच न्हाई," तात्या म्हणाला. तो रागावला नव्हता, त्याला खरंच पटत नव्हतं. "कुठून सुरुवात केली आपण? मी बोरीपासनं मोजलं होतं. बोरीपासनं धरा." आणि टेपचं टोक घेऊन तो बोरीकडे निघाला.

बोर होती तिथेच होती. झाड कुठे जाणार. तात्या बोरीच्या बुंध्याला टेप लावून उभा राहिला आणि आमच्याकडे वळला. तेव्हा त्याने खाली बघितलं. तो वांग्यात उभा होता. त्याच्या स्वतःच्या वांग्यात. बोर, जिला मी पहिल्या वर्षी हात लावून वळत होते, ती आता त्याच्या शेतात चांगली आत होती. बांध तिच्यापासून दोन माणसं आडवी झोपतील एवढा आमच्या बाजूला आला होता. मी बोरीला हात लावणं कधी सोडलं ते मला आठवेना. हात पुरेनासा झाला तेव्हा सोडलं असेल, आणि ते एका दिवसात झालं नाही म्हणून माझ्या लक्षातही आलं नाही.

जे शेतीतले नाहीत त्यांना सांगते. बांध कोरणं याला आमच्याकडे कोणी चोरी म्हणत नाही. नांगरताना शेजाऱ्याच्या बांधाला जरा घासून न्यायचं, एक सरी जास्तीची काढायची, हे हाताला लागलेलं वळण असतं. बैल होते तेव्हा टीचभर जायचं. तात्याने ट्रॅक्टर घेतला आणि कालव्यापलीकडे पांढऱ्या गाड्या येऊन जमिनीला भाव आला, त्यानंतर ते टीचभर राहिलं नाही. तात्या त्याच्या बाजूने बांध खात होता आणि अण्णा आपल्या बाजूची माती ओढून तो पुन्हा बांधत होते, मला पळायला मऊ वाट हवी म्हणून. त्यामुळे बांध दर नांगरटीला आमच्या शेतात सरकत गेला, दोन्ही बाजूंनी. आणि त्याच बांधावर सकाळी तात्या घड्याळ घेऊन उभा राहून माझा एकेक सेकंद प्रामाणिकपणे मोजत होता. त्याने मला फसवलं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. त्याच्या लेखी बांध वेगळा आणि माझी फेरी वेगळी. एकाच जमिनीवरच्या या दोन गोष्टी आहेत हे त्याच्या डोक्यात त्या क्षणापर्यंत आलंच नव्हतं.

पण त्या क्षणी आलं. मी त्याचं तोंड बघत होते. आधी तो बोरीकडे बघत राहिला, मग बांधाकडे, मग माझ्याकडे. बाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्या म्हणाल्या, "हे झाड तुमच्या हद्दीत आहे का? मग तेव्हा चुकीचं मोजलंत तुम्ही." तात्या म्हणाला, "व्हय बाई. माझंच चुकलं." टेप त्याने हळूच खाली ठेवला, वांग्याच्या सऱ्यांतून वाट काढत घराकडे गेला, आणि नवी टोपी डोक्यावरून काढून हातात घेतली. अण्णा कालव्याकडे तोंड करून उभे होते. ते वळलेच नाहीत.

त्या दिवशी आईचा बांध फुटला. बाई गेल्यावर ती गोठ्यात अण्णांसमोर उभी राहिली. "मी सांगत व्हते का न्हाई? दर साली सांगत व्हते. डोळ्यांदेखत खाल्लं त्यानं आन् तुम्ही गप. का? कशापायी?" अण्णा म्हशीला वैरण घालत होते. मी दाराशी होते, मला त्यांनी बघितलं असेल किंवा नसेल. म्हणाले, "तो पोरीला पळवतोय. उन्हातान्हात हुभा ऱ्हातोय, गावाशी भांडतोय. मला जमलं असतं का ते? हातभर मातीवरनं मी त्याच्याशी तोंड वाजवलं असतं आन् त्यानं घड्याळ ठिवून दिलं असतं, तर सुरीनं काय करायचं?" माझ्या पळण्याची किंमत अण्णा आपल्या शेतातून चुकवत होते, आणि तीच देता देता माझी फेरी लहान होत गेली होती. एवढं माझ्यासाठी कोणी केलं नाही आणि एवढं वाईटही माझं कशाने झालं नाही.

आजार असता तर औषध होतं. भीती असती तर ती घालवता आली असती. पण मला काहीच झालेलं नव्हतं. मी शर्यतीत हळू पळत नव्हते, मी तेवढीच होते. वर्षभर सगळ्यांनी मिळून जी जोरात पळणारी सुरेखा हरवली म्हणून शोधली, ती कधी नव्हतीच. दोन-तीन दिवस मी अंथरुणातून उठले नाही. मग लिमये बाईंचा निरोप आला: "रडून झालं असेल तर मैदानावर ये. महिना आहे."

गेले. रोज पहाटेच्या बसने कर्वेनगरला. तात्या आला नाही. सकाळी त्याच्या घराचं दार बंद असायचं आणि काकू अंगण झाडताना माझ्याकडे न बघता झाडायची. पहिल्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट कळली, ती बाईंनी सांगितली. घड्याळ घरी "पुरे" म्हणायचं तिथे मी रोज थांबत होते. दम शिल्लक असताना थांबत होते, कारण आकडा आलेला असायचा. फेरी पुरी असती तर त्या आकड्यासाठी मला आणखी झिजावं लागलं असतं, आणि तीन-चार वर्षं झिजले असते तर कदाचित पायांनी ते शिकूनही घेतलं असतं. "कदाचित," बाई म्हणाल्या, "आणि कदाचित नाहीही. मला विचारू नकोस, मी ज्योतिषी नाही." एका महिन्यात जेवढं झिजता येतं तेवढी झिजले. उलट्या व्हायच्या. बाई पाण्याची बाटली पुढे करायच्या आणि म्हणायच्या, "झालं? चला."

निवडीच्या दिवशी सोबत अण्णा आले. ते पहिल्यांदाच मैदानावर येत होते. त्यांना कुठे उभं राहायचं ते कळत नव्हतं, ते शेवटपर्यंत पाण्याच्या टाकीपाशी उभे राहिले. मी आयुष्यात पळाले नाही अशी पळाले. शेवटच्या फेरीत तिसरी मुलगी माझ्या हाताच्या अंतरावर होती आणि मला अजून तिच्या पाठीवरचा घामाचा डाग आठवतो. ते अंतर काही तुटलं नाही. मी चौथी आले. बाईंनी वेळ दाखवली, ती माझी आजवरची सर्वांत चांगली, खरी वेळ होती. टोमणा मारण्यासारखं काही त्यांना सापडलं नसावं. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "आज तू पूर्ण पळालीस हो." मग मात्र मला आवरेना.

घरी आलो तर तात्या अंगणात बसला होता. महिन्याभरात पहिल्यांदा. बराच वेळ बसला असावा. "किती?" त्याने विचारलं. मी वेळ सांगितली. आकड्यात तो हुशार, निवड हुकली हे त्याने लगेच ओळखलं. मान खाली घालून म्हणाला, "फेरी पुरी असती तर जमलं असतं का गं, सुरे?"

"काय माहीत, तात्या," मी म्हणाले. मला खरंच माहीत नव्हतं. आजही नाही.

त्याने अण्णांकडे बघितलं. अण्णांनी त्याला कधी, कशाबद्दल शब्द लावलेला नव्हता. त्या दिवशी ते पायातल्या वहाणा काढत होते. खालीच बघत म्हणाले, "आता इचारून काय उपेग, दत्ता." तात्या उठला. आईने सवयीने त्याच्यासाठीही चहा टाकला होता, तो तसाच राहिला. त्यानंतर आमचं अंगण एकच होतं, पण वाटी घेऊन इकडून तिकडे कोणी गेलं नाही.

माझं लग्न झालं. चाकणकडच्याच मुलाशी. नवरा चांगला निघाला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पुढच्या नांगरटीला तात्याने ट्रॅक्टर बोरीच्या कितीतरी अलीकडे थांबवला. जेवढं घेतलं होतं तेवढं सगळं त्याने दोन्ही बाजूंना तसंच सोडून दिलं. अण्णांनी ते घेतलं नाही. बांधही त्यांनी पुन्हा कधी हलवला नाही. त्या पट्ट्यात गवत वाढलं, नंतर बाभळी आल्या. ज्या गावात वितीवरून डोकी फुटली, तिथे ती जमीन पडून राहिली. मी माहेरी गेले की ती दिसायची आणि मी तिकडे बघायचं टाळायचे.

मग एका दिवाळीत मी माहेरी असताना मोजणी आली. पांढऱ्या गाडीवाल्यांनी कालव्याच्या अलीकडचं सगळं घ्यायचं ठरवलं होतं. तीन पायांवर यंत्र उभं करून एक तरुण मोजणीदार फेटे आणि टोप्यांच्या घोळक्यात उभा होता. अण्णा एका टोकाला, तात्या दुसऱ्या टोकाला. दोघेही आता म्हातारे दिसायला लागले होते. मी मुलीला कडेवर घेऊन बघायला गेले होते. मोजणीदाराने कागद बघितला, यंत्रातून बघितलं, आणि त्या गवताकडे बोट करून विचारलं, "ही मधली पट्टी कोणाची?"

घोळक्यातली माणसं अण्णांकडे आणि तात्याकडे बघायला लागली.

"अहो, कोणाची तरी असेलच ना? नाव काय लावू?" तो तात्याकडे वळला. तात्याने नुसती मान हलवली, माझी नाही म्हणून. तो अण्णांकडे वळला. अण्णांनी त्या गवताकडे बघितलं आणि म्हणाले, "माझी पोरगी पळायची तिथं."

मोजणीदाराला काही कळलं नाही. तो पुन्हा विचारणार होता, पण माझा हुंदका फुटला तो इतका मोठ्याने की सगळी माणसं वळून बघायला लागली आणि कडेवरची पोर घाबरून रडायला लागली. तात्या तिथून निघून गेला. आणि माझे अण्णा, ज्यांनी मला कधी जवळ घेतलं नव्हतं, सगळ्या गावासमोर चालत आले आणि माझ्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.